गाडी हलत नाही, एररही येत नाही: रॉस २ चा प्रकल्प उभारताना आणि सांभाळताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे असे धरा. वाइंडिंग खात्यातून सुताचे कोन मागांपर्यंत न्यायला एक छोटी गाडी हवी आहे. ४० किलो माल, १५० मिलिमीटर व्यासाची दोन चालती चाके, पुढे लायडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर), पोटात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. लोखंडी सांगाडा फॅब्रिकेशनवाला चार दिवसांत वेल्ड करून देईल. घोडे अडते ते सॉफ्टवेअरपाशी, आणि तेही अवघड गणितापाशी नाही. रॉस म्हणजे रोबोटचे वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांशी बोलते करणारी सॉफ्टवेअर चौकट, आणि तिच्यातले सगळ्यात छळणारे बिघाड मुके असतात. पडद्यावर लाल अक्षर उमटत नाही, नोड (रॉसमधला एकेक प्रोग्राम) चालू दिसतो, टॉपिकचे (संदेशांच्या वाहिनीचे) नाव यादीत दिसते आणि गाडी जागची हलत नाही. पुढची सगळी मांडणी या मुक्या बिघाडांना बोलते कसे करायचे, या हिशेबाने केली आहे.

आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आवृत्ती आधी, बाकी सगळे नंतर

रॉस २ ची प्रत्येक आवृत्ती उबुंटू लिनक्सच्या एका ठराविक आवृत्तीशी बांधलेली असते. हंबल ही मे २०२२ ची, उबुंटू २२.०४ वर चालणारी, मे २०२७ पर्यंत आधार असलेली. जॅझी ही मे २०२४ ची, उबुंटू २४.०४ वरची, मे २०२९ पर्यंतची. आज कोरा प्रकल्प सुरू करत असाल तर जॅझी घ्या. रास्पबेरी पाय ५ वापरणार असाल तर प्रश्नच मिटला, कारण उबुंटू २२.०४ त्या बोर्डावर चालत नाही. हंबल हवेच असेल तर डॉकरच्या (वेगळ्या कप्प्यात सॉफ्टवेअर चालवण्याच्या) आडवाटेने जावे लागते.

जुन्या रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक. तिचा आधार मे २०२५ मध्ये संपला. एखाद्या व्हिडिओत ‘रॉसकोअर’ किंवा ‘कॅटकिन मेक’ हे शब्द ऐकू आले की तो तिथेच बंद करा. गझेबो या सिम्युलेटरचेही तसेच: गझेबो क्लासिक जानेवारी २०२५ मध्ये थांबले, जॅझीबरोबर हार्मोनिक आवृत्ती जाते.

लॅपटॉप आणि गाडी, दोन्हींवर एकच आवृत्ती ठेवा. एकीकडे हंबल आणि दुसरीकडे जॅझी असली तर काही संदेश पोचतात, काही पोचत नाहीत, आणि हे अर्धवट चालणे पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन बसवून काम भागवायचा मोह होतो, पण यूएसबी आणि नेटवर्क दोन्हींत ते आडवे येते. ड्युअल बूटला एक दुपार जाते, ती जाऊ द्या.

वर्कस्पेसची मांडणी

एक फोल्डर, त्यात ‘एसआरसी’, आणि सगळा कोड त्याच्या आत. ‘कोल्कन बिल्ड’ ही कोड बिल्ड करायची आज्ञा चालवली की शेजारी ‘बिल्ड’, ‘इन्स्टॉल’ आणि ‘लॉग’ असे तीन फोल्डर तयार होतात. हे तिन्ही कधीही पुसून पुन्हा बनवता येतात, म्हणून गिटमध्ये ते कधीच जाऊ नयेत. ‘गिटइग्नोर’मध्ये पहिल्याच दिवशी त्यांची नावे घाला.

सगळे एका पॅकेजमध्ये कोंबू नका. या गाडीला पाच पॅकेजे पुरतात: ‘वर्णन’मध्ये गाडीची रचना आणि मापे सांगणारे यूआरडीएफ, ‘बेस’मध्ये मोटर आणि एन्कोडरशी (चाकाचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरशी) बोलणारा कोड, ‘संदेश’मध्ये स्वतःचे मेसेजचे प्रकार, ‘नॅव्हिगेशन’मध्ये नकाशे आणि वाट काढणाऱ्या नॅव्ह २ ची सेटिंग्ज, आणि ‘ब्रिंगअप’मध्ये सगळ्यांना एकत्र उठवणाऱ्या लाँच फाइली. ‘संदेश’ हे पॅकेज सीमेक पद्धतीचेच असले पाहिजे; निव्वळ पायथनच्या पॅकेजमधून मेसेज तयार होत नाहीत. नावे लहान लिपीतली अक्षरे आणि अंडरस्कोर यांतच ठेवा.

अवलंबने हाताने एकेक बसवत बसू नका. प्रत्येक पॅकेजच्या ‘पॅकेज डॉट एक्सएमएल’मध्ये ती नोंदवा आणि वर्कस्पेसच्या मुळातून ‘रॉसडेप इन्स्टॉल’ ही आज्ञा, ‘फ्रॉम-पाथ्स एसआरसी’ आणि ‘इग्नोर-एसआरसी’ हे पर्याय लावून चालवा. लॅपटॉपवर आधीच बसलेली गोष्ट यादीत लिहायची राहून जाते आणि गाडीवर गेल्यावर ती नसल्याचे कळते. म्हणून महिन्यातून एकदा कोऱ्या डॉकर कंटेनरमध्ये सगळे बिल्ड करून पाहावे. राहिलेले नाव तिथे लगेच उघडे पडते.

बाहेरची पॅकेजे, म्हणजे लायडारचा ड्रायव्हर वगैरे, कॉपी करून आपल्या रिपॉझिटरीत चिकटवू नका. ‘डॉट रेपोज’ फाइलमध्ये त्यांचा पत्ता लिहा आणि ‘व्हीसीएस इम्पोर्ट’ने ओढा. पत्त्यापुढे ब्रँचचे नाव न देता टॅग किंवा कमिटचा क्रमांक द्या. ब्रँच सरकते. दिवाळीआधी चाललेली गाडी दिवाळीनंतर का चालत नाही, याचे उत्तर अनेकदा एवढ्यातच असते.

पायथन पॅकेजमधला पहिला मुका बिघाड इथेच भेटतो. लाँच आणि यामल (सेटिंग्जच्या) फाइली ‘एसआरसी’त डोळ्यांसमोर असतात, पण ‘सेटअप डॉट पीवाय’च्या ‘डेटा फाइल्स’ यादीत त्या लिहिल्या नाहीत तर ‘इन्स्टॉल’मध्ये जातच नाहीत. मग तुम्ही बदल करत राहता आणि गाडी जुनीच फाइल वाचते. ‘सिमलिंक-इन्स्टॉल’ हा पर्याय लावून बिल्ड केले की पायथन आणि यामलमधले बदल पुन्हा बिल्ड न करता लागू होतात. नवीन फाइल आणली की मात्र एकदा बिल्ड करावेच लागते. कधी हा पर्याय लावून, कधी न लावता असे बिल्ड करू नका. केलेच असेल आणि विचित्र एरर आल्या, तर ‘बिल्ड’ आणि ‘इन्स्टॉल’ पुसून नव्याने सुरुवात करा.

आणखी एक सवय: बिल्डचे टर्मिनल आणि चालवायचे टर्मिनल वेगळे ठेवा. बिल्डच्या टर्मिनलमध्ये फक्त मूळ रॉसची ‘सेटअप डॉट बॅश’ सोर्स केलेली असावी, चालवायच्या टर्मिनलमध्ये तिच्यावर आपली. दोन्ही एकात मिसळले की कोणते पॅकेज कुठून उचलले गेले हे कळेनासे होते.

पिपपासून जपून

सिस्टिमच्या पायथनमध्ये ‘पिप’ने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, काहीही बसवण्याआधी थांबा. एखादी लायब्ररी आपल्याबरोबर नमपाय या गणिती लायब्ररीची आवृत्ती २ ओढून आणते, आणि आवृत्ती १ वर बांधलेले हंबलचे, चित्रे हाताळणारे ‘सीव्ही ब्रिज’ त्या क्षणी कोसळते. सेटअपटूल्सची ८० किंवा वरची आवृत्ती आली की ‘सिमलिंक-इन्स्टॉल’ मोडते. ‘एडिटेबल’ हा पर्याय ओळखता येत नाही अशी एरर येते आणि दोष कोल्कनचा वाटतो. उबुंटू २४.०४ तर पिपला दारातच अडवते. ती अडवणूक जबरदस्तीने ओलांडण्याचा पर्याय आहे, तो वापरू नका. आधी उबुंटूच्या स्वतःच्या ‘एपीटी’मध्ये तेच पॅकेज आहे का ते पाहा.

पायवर बिल्ड करताना

४ जीबी मेमरीच्या पायवर सी++ चे मोठे पॅकेज बिल्ड करायला घेतले की मध्येच ‘किल्ड’ एवढाच शब्द येतो किंवा बोर्ड गोठतो. कंपायलरच्या चार प्रती एकाच वेळी चालतात, एकेक प्रत जीबीभर मेमरी खाऊ शकते, आणि लिनक्स त्यातल्या एकीचा बळी देते. कोडमध्ये चूक शोधू नका. ४ जीबी स्वॅप द्या, कोल्कनला ‘पॅरलल-वर्कर्स १’ सांगा आणि ‘मेकफ्लॅग्ज’मध्ये ‘जे १’ ठेवा. वेळ लागतो, पण काम पुरे होते. त्यानंतर रोज सगळे बिल्ड न करता ‘पॅकेजेस-सिलेक्ट’ने बदललेले पॅकेज तेवढे करा.

पोर्टची अदलाबदल

गाडीत दोन यूएसबी उपकरणे आहेत: मोटर कंट्रोलरचा आर्डुइनो आणि लायडार. चालू करताना जे आधी जागे होईल त्याला ‘टीटीवाय यूएसबी ०’ मिळते. आज लायडार शून्य, उद्या आर्डुइनो शून्य. मग लायडारचा ड्रायव्हर मोटरच्या बोर्डाशी बोलू पाहतो.

यावर युडेव्हचा, म्हणजे लिनक्सच्या उपकरणे ओळखणाऱ्या व्यवस्थेचा, नियम लिहा. स्वस्त आर्डुइनोवर सीएच ३४० चिप असते, तिचा क्रमांक १ए८६:७५२३. आरपीलायडार ए१ च्या अडॅप्टरवर सीपी २१०२ असते, तिचा १०सी४:ईए६०. या क्रमांकांवरून ‘मोटर’ आणि ‘लायडार’ अशी कायमची नावे द्या आणि सेटिंग्जमध्ये तीच वापरा. दोन्हीकडे सीएच ३४० च असेल तर हा उपाय चालत नाही, कारण या चिपला स्वतःचा सिरियल क्रमांक नसतो. तेव्हा ‘सिरियल’ फोल्डरमधल्या ‘बाय-पाथ’वरून, म्हणजे कोणत्या भौतिक सॉकेटात वायर आहे त्यावरून ओळखावे लागते. सॉकेटावर ऑइलपेंटचा ठिपका लावा, वायर त्याच जागी परत जाईल.

पोर्ट उघडायला परवानगी नाही असे आले तर युजरला ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० लावताच पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल, तर ब्रेल वाचकांसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम त्यावर हक्क सांगतो आहे. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर तो काढून टाका.

यामल: दोन अंडरस्कोरची किंमत

पॅरामीटर फाइलची रचना ठरलेली आहे: वर नोडचे नाव, खाली ‘रॉस अंडरस्कोर अंडरस्कोर पॅरामीटर्स’, त्याखाली मूल्ये. नोडचे नाव एका अक्षराने चुकले, किंवा लाँचमध्ये नेमस्पेस दिली आणि यामलमध्ये दिली नाही, तर नोड तुमची फाइल न वाचता स्वतःची डिफॉल्ट मूल्ये घेऊन खुशाल चालू होतो. तक्रार करत नाही. म्हणून नोड उठल्यावर ‘रॉस २ पॅराम डम्प’ चालवून तो प्रत्यक्षात काय धरून बसला आहे ते वाचा. फाइलवर विश्वास ठेवू नका, डम्पवर ठेवा. दशांश हवा तिथे १ लिहिले आणि १.० लिहिले नाही, तर प्रकार जुळत नाही म्हणून नोड बंद पडतो. तो बिघाड निदान बोलतो तरी.

सिम्युलेशनमधून खऱ्या गाडीवर येताना ‘यूज सिम टाइम’ खोटे करायला विसरू नका. ते खरे राहिले तर नोड गझेबोच्या घड्याळाची वाट पाहत बसतो. ते घड्याळ कधीच येत नाही, टायमर कधीच वाजत नाही, आणि सगळे नोड हिरवेगार दिसतात.

चाकांचे माप

इथे घाई केली की पुढे नकाशा वाकडा येतो आणि माणसे स्लॅमला (नकाशा बनवणाऱ्या प्रोग्रामला) दोष देतात. १५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ४७१.२ मिलिमीटर. चाकाच्या अक्षावर ६०० पल्सचा एन्कोडर असेल आणि दोन्ही चॅनेलांच्या चारही कडा मोजल्या, तर एका फेऱ्याला २४०० मोजण्या होतात, म्हणजे एका मोजणीला ०.१९६ मिलिमीटर. आर्डुइनोच्या कोडमध्ये एकच कड मोजली जात असेल आणि सेटिंग २४०० चे असेल, तर ५ मीटर सांगितल्यावर गाडी २० मीटर जाईल. म्हणून पहिली चाचणी गाडी विटांवर उचलून, चाके अधांतरी ठेवूनच. चाकाला खडूची खूण करा, हाताने बरोबर १० फेरे द्या, मोजणी २४,००० च्या आसपास आली का पाहा. चाक पुढे फिरवल्यावर आकडा वाढलाच पाहिजे, दोन्हीकडे.

मग जमिनीवर. गाडीत ४० किलो माल ठेवूनच मोजा, कारण वजनाने रबर दबते आणि त्रिज्या घटते. फरशीवर टेपने ५ मीटर आखा आणि ओडोमेट्री (चाकांच्या मोजणीवरून काढलेले अंतर) ५ मीटर दाखवेपर्यंत गाडी सरळ चालवा. टेपवर ४.८५ मीटरच भरले, तर त्रिज्या ४.८५ भागिले ५, म्हणजे ०.९७ ने गुणा: ०.०७५ ची ०.०७२७५ होते. तीनदा करून सरासरी घ्या.

त्रिज्या पक्की झाल्यावरच चाकांमधले अंतर. जागच्या जागी फिरवा. ओडोमेट्रीने १० फेरे दाखवले आणि प्रत्यक्षात ९.६ झाले, तर अंतर १० भागिले ९.६ ने वाढवा: ०.४२ मीटरचे ०.४३७५ होते. क्रम उलटा केला तर त्रिज्येची चूक अंतरात मुरते आणि दोन्ही आकडे खोटे निघतात.

रॉसमध्ये मापे मीटर आणि रेडियनमध्ये, एक्स पुढे, वाय डावीकडे, झेड वर. यूआरडीएफमध्ये मिलिमीटर लिहिले तर आरव्हिझमध्ये (रॉसच्या चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामात) गाडी सिद्धेश्वर तलावाएवढी दिसते, त्यामुळे ती चूक लपत नाही. लायडार मागे तोंड करून बसवला आणि त्याचा कोन तसाच ठेवला तर मात्र लपते: गाडी भिंतीकडे जाते आणि पडद्यावर भिंत गाडीच्या मागे दिसते.

हुकूम निघतो, पोचत नाही

जॅझीवर हमखास अडवणारी जागा ही. नॅव्ह २ वेगाचा हुकूम साध्या ‘ट्विस्ट’ प्रकारात पाठवते. जॅझीतला चाके चालवणारा ‘डिफ ड्राइव्ह कंट्रोलर’ मात्र वेळेची नोंद असलेला ‘ट्विस्ट स्टँप्ड’ मागतो. शिवाय नॅव्ह २ ‘सीएमडी वेल’वर बोलते आणि कंट्रोलर स्वतःच्या नावाखालच्या ‘सीएमडी वेल’वर कान लावून बसतो. नाव रिमॅप केले तरी प्रकार जुळत नाही, आणि दोघेही निमूट बसतात. ‘रॉस २ टॉपिक एको’ करून पाहा. या टॉपिकवर एकापेक्षा जास्त प्रकार आहेत असे ते सांगते, तीच खूण. उपाय: नॅव्ह २ च्या हुकूम पाठवणाऱ्या सर्व नोडांत ‘एनेबल स्टँप्ड सीएमडी वेल’ खरे करा.

दुसरे कारण क्यूओएस, म्हणजे संदेश किती खात्रीने पोचवायचा याची अट. लायडारचा ड्रायव्हर ‘बेस्ट एफर्ट’ने पाठवतो आणि तुमचा नोड ‘रिलायबल’ मागतो, तर जोड होत नाही. एक पिवळी वॉर्निंग येते, पण लाँचच्या शेकडो ओळींत ती कुणी वाचत नाही. ‘टॉपिक इन्फो’ला ‘व्हर्बोज’ लावले की दोन्ही बाजूंची मागणी समोरासमोर दिसते.

तिसरे, नेटवर्क. कोण कोणाचे संदेश ऐकणार हे ठरवणारा डोमेन क्रमांक डिफॉल्टने सर्वांचा ० असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये सहा गट एकाच वायफायवर असले तर एका गटाची कळ दाबल्यावर दुसऱ्याची गाडी टेबलावरून उडी मारते. प्रत्येकाने ० ते १०१ मधला वेगळा क्रमांक घ्यावा. हजेरी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे सोयीचे. कारखान्यात प्रश्न वेगळा. लोखंडी मागांच्या रांगांत वायफाय तुटते, वीज गेली की राउटर जातो. म्हणून गाडी चालायला लागणारा प्रत्येक नोड गाडीतच चालला पाहिजे; लॅपटॉप फक्त बघायला. शोधाची कक्षा (नोड एकमेकांना कुठवर शोधतात ती) ‘लोकलहोस्ट’ ठेवा आणि लॅपटॉपचा पत्ता ‘स्टॅटिक पीअर्स’मध्ये द्या.

घड्याळ

पाय ४ मध्ये घड्याळाची चिप नसते. पाय ५ मध्ये असते, पण तिची बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेटशिवाय चालू केलेली गाडी त्यामुळे जुन्या वेळेत जागी होते, लॅपटॉपच्या वेळेशी तिचे जमत नाही, आणि आरव्हिझमध्ये ‘एक्स्ट्रापोलेशन’च्या तक्रारी सुरू होतात. ‘क्रोनी’ बसवून दोघांना एका वेळेवर आणा. याच जातीची दुसरी चूक: ‘ओडोम’ ते ‘बेस लिंक’ हे गाडीची जागा सांगणारे रूपांतर दोन नोड पाठवत असणे. ईकेएफ (अनेक सेन्सरांची मापे एकत्र करणारा फिल्टर) लावला तर कंट्रोलरचे ‘एनेबल ओडोम टीएफ’ बंद करा, नाहीतर गाडी पडद्यावर थरथरत राहते.

मागांच्या खात्यात

मागांच्या दोन रांगांमधली बोळ लायडारला सगळीकडे सारखीच दिसते. डावी-उजवी बाजू अचूक कळते, पण पाचव्या मागापाशी आहोत की सहाव्या हे कळत नाही, आणि नकाशावरची जागा बोळीच्या दिशेने घसरते. बोळीत असमान अंतरांवर, लायडारच्या उंचीला येतील असे प्लायवुडचे तुकडे मागांच्या सांगाड्याला बांधा. अंतर मुद्दाम विषम ठेवा. समान ठेवले तर तीच रांग पुन्हा तयार होते. बोळीच्या दोन्ही टोकांना एप्रिलटॅग (कॅमेऱ्याने वाचायच्या छापील खुणा) लावले तर आणखी बरे.

टॉवेलच्या खात्यात हवेत कापसाची धूळ तरंगते. ती लायडारवर बसते आणि गाडीला हातभर अंतरावर भिंत असल्याचा भास होतो. पाळी बदलताना कोरडे सुती कापड एकदा फिरवणे हे जॉबरच्या (खात्यातल्या मुकादमाच्या) यादीत टाका. तुटलेले सूत चाकाच्या अक्षाभोवती गुंडाळले जाते आणि मोटरचा करंट चढत जातो; आठवड्याला ब्लेडने कापून काढा. हीच धूळ पंख्यात गेली की पाय तापतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली तर बोलायलाच नको, आणि ८० अंशांना पाय स्वतःचा वेग कमी करतो. नॅव्हिगेशन दुपारीच अडखळत असेल आणि सकाळी नसेल, तर सेटिंग्ज बदलण्याआधी ‘थर्मल झोन ०’मधला आकडा वाचा, तो हजाराने भागायचा.

तातडीचे थांबणे सॉफ्टवेअरवर सोपवू नका. लाल बटणाने मोटरची वीजच तुटली पाहिजे, पायची नाही. इथे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलणारे हात असतात. लाल बटणाला भाषा लागत नाही. शिवाय आर्डुइनोमध्ये अर्ध्या सेकंदात नवा हुकूम आला नाही तर मोटर बंद, असा नियम लिहा. कंट्रोलरमध्येही तोच अवधी डिफॉल्ट आहे, पण पायच गोठला तर तो उपयोगाचा नाही.

आपोआप सुरू होणे आणि नोंदी

सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेची, सर्व्हिस लिहा. ती ‘बॅशआरसी’ वाचत नाही, त्यामुळे डोमेन क्रमांक, शोधाची कक्षा आणि दोन्ही ‘सेटअप डॉट बॅश’ सर्व्हिसमध्येच द्यावे लागतात. हाताने चालते आणि सर्व्हिसने चालत नाही, याचे कारण बहुधा हेच. ‘रॉस’च्या लपलेल्या फोल्डरातले लॉग वाढत जाऊन कार्ड भरते, सात दिवसांपेक्षा जुने पुसणारी क्रॉनची एक ओळ टाका.

बिघाड झाला की वर्णन ऐकत बसण्यापेक्षा बॅग फाइल (टॉपिकवरच्या संदेशांचे रेकॉर्डिंग) हवी. स्कॅन, ओडोम, टीएफ, टीएफ स्टॅटिक आणि वेगाचा हुकूम एवढे सतत रेकॉर्ड करा. कॅमेरा नको: ६४० बाय ४८० ची रंगीत चित्रे सेकंदाला ३० या दराने मिनिटाला सुमारे १.६६ जीबी होतात.

आणि गाडीवर चाललेली प्रत्येक आवृत्ती गिटमध्ये टॅग करा, तोच टॅग कागदावर लिहून बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. रात्रपाळीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच विचारायचा: झाकणावर कोणता नंबर आहे?